पद्मिनीच्या पट्ट्या आणि बुजवलेली भोकं

आमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या रंगाचं काम संपलं म्हणून मी हौसेने सगळ्यांना फोटो पाठवले, त्यावर चुलतभावाचा एकच प्रश्न आला, "पट्ट्या कुठायत?" पट्ट्या, म्हणजे दारांवर आणि मडगार्डवर आडव्या बसणाऱ्या चकचकीत पट्ट्या, माझ्या पलंगाखाली जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे मी निवांत होतो. रविवारी सकाळी चहा पिऊन त्या लावायला दारापाशी उकिडवा बसलो तर दारावर भोकंच नाहीत. एकही नाही. क्लिपा बसायची एका बाजूची ११ च्या ११ भोकं पेंटरने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वर प्रायमर आणि रंग मारून गायब केलेली, आणि काम इतकं सफाईदार की बोट फिरवलं तरी पत्ता लागेना. फोन केला तर म्हणतो, "साहेब, जुनी भोकं होती, पाणी जाऊन गंजली असती, बुजवून टाकली. बिलात नाही लावलं हां ते."

बिलात नाही लावलं! यावर काय बोलणार.

गाडी तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची. १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. आधी नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्यासमोर असायची, मग गंगापूर रोडला आलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि शेवटची १४ वर्षं तिथेच होती, तिच्यावर बादल्या, सायकल, दिवाळीचे आकाशकंदील असं सगळं ठेवलेलं. येणारे जाणारे तिला सर्रास डुक्कर फियाट म्हणतात आणि मला दरवेळी सांगावं लागतं की डुक्कर फियाट ती जुनी, गोल पाठीची, जिची पुढची दारं उलटी उघडायची. ही त्यानंतरची. इटलीतली ११०० डी, आपल्याकडे १९६४ ला डिलाइट नावाने आली, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, मग नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगवरचा गिअर, बाकी नावं बदलत गेली.

आता तिला ५० वर्षं झाली म्हणून माझ्या डोक्यात व्हिंटेजचा किडा शिरला. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी केली तर व्हीए सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, त्या नोंदणीची फी २० हजार, अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठी तोडफोड केलेली नको. इंजिनचं काम द्वारकाजवळच्या एका मेकॅनिककाकांनी तीन आठवड्यांत उरकलं. रंग आणि पट्ट्यांना मात्र सव्वा वर्ष गेलं.

आधी मूळ रंग शोधायचा होता. वरून गाडी मरून होती, नव्वदच्या दशकात कधीतरी मारलेला. मी पुढच्या मडगार्डवर ओला पॉलिश पेपर एकाच जागी गोल गोल फिरवला तर लासलगावचा कांदा आडवा चिरल्यासारखी वलयं दिसायला लागली, मरून, त्याखाली राखाडी प्रायमर, मग पांढरट, मग रेड ऑक्साइड आणि एकदम खाली फिकट पिस्ता. पिस्ता! घरात कोणालाच आठवत नव्हता, आई म्हणत होती आकाशी होती, काका म्हणत होते पहिल्यापासून पांढरीच. मग कापसावर थिनर घेऊन डिकीच्या आतल्या कोपऱ्यात चोळलं, कापूस लगेच पिस्ता झाला, म्हणजे तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला आपल्याकडे सगळे ड्यूको म्हणतात, तो नुसता थिनर उडून वाळतो त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लावला की परत सुटतो. वरच्या मरूनला तेच थिनर लावलं तर तो सुटला नाही, सुरकुतला, दुधावरच्या सायीसारखा. म्हणजे तो सिंथेटिक इनॅमल, एकदा वाळला की थिनरमध्ये परत न विरघळणारा. आणि सिंथेटिकवर थिनरवाला कुठलाही रंग मारला की खालचा थर असाच उचलतो, त्यामुळे सगळं पत्र्यापर्यंत काढण्याशिवाय इलाज नव्हता.

इथे एक सांगतो, कोणी म्हणेल ग्राइंडर मारू, एका दिवसात होईल, तर मारू देऊ नका. पत्रा तापतो आणि त्याला लाटा येतात, मग त्या लाटा भरायला लांबी, आणि लांबीचा जाड थर दोन उन्हाळ्यांत तडकतो. आम्ही रंग सुटायचं रिमूव्हर लावून तो पत्रीने खरवडला, हाताने. बोटांची सालं गेली ती गेली.

मागच्या दाराचं रबर काढलं तेव्हा त्याखाली पिस्ता रंगावर हातभर लांबीचा गुलाबी डाग निघाला. मला वाटलं काहीतरी केमिकल सांडलं असेल. पप्पांना दाखवला तर ते आधी जरा वेळ बघतच राहिले आणि मग हसायला लागले. कॉलेजात असताना रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उडी मारून तसेच निथळत गाडीत जाऊन बसले होते. रहाडीचा रंग, अंगावरून दोन दोन दिवस जात नाही तो, गाडीवरून काय जाणार. तात्यांनी सीट धुऊन घेतली, दार पुसून घेतलं आणि महिनाभर गाडीला हात लावू दिला नाही, पण रबराच्या आत मुरलेला रंग कोणाला दिसलाच नाही, ४० वर्षांहून जास्त. पेंटरला म्हटलं एवढी पट्टी सोड, इथे रबरच बसणार आहे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय.

शेड जुळवायला ग्लोव्हबॉक्सचं झाकण नेलं कारण त्याच्या मागच्या बाजूला ऊन लागलेलं नसतं. तरी आधी थोडं पॉलिश मारून घेतलं, जुन्या रंगावर जी पांढुरकी भुकटी धरते ती दुकानातल्या शेड ओळखायच्या मशीनने वाचली तर शेड फिकटच येणार. दुकानदाराने तीन नमुने केले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखे, बाहेर उन्हात आणले तर एक सरळ पोपटी. नमुना नेहमी दोन्हीकडे बघायचा, आणि गाडी शेवटी उन्हात उभी राहणार असते, दुकानात नाही.

मला खरं तर एनसीच मारायचा होता, मूळ तसा म्हणून. पण बॉडीचं काम लांबत लांबत जुलै उजाडला, आणि नाशिकचा जुलै तुम्हाला माहितीच आहे, चार चार दिवस सूर्य नाही, टॉवेल वाळत नाही. पेंटर म्हणाला बोनेटच्या आतल्या बाजूला मारून बघू. मारला, पाच मिनिटांत त्यावर दुधाळ ढग आले. थिनर भराभर उडतो तसा पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. हळू उडणारा थिनर घालून थोडं सुधारलं पण मन मानेना. त्यात उघडा पत्रा त्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून जेवढा भाग खरवडून व्हायचा तेवढ्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारून टाकला आणि ऑक्टोबरपर्यंत थांबलो. तोवर माझंही मत बदललं आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारायचं ठरलं, पण सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअरचा पारदर्शक थर नाही. यावर पेंटरशी माझं चांगलं वाजलं. त्याचं म्हणणं क्लिअर मारल्याशिवाय चमक येत नाही. माझं म्हणणं तीच चमक नकोय, क्लिअर मारलेली जुनी गाडी काचेत बुडवून काढल्यासारखी दिसते, शोरूममधल्या नव्या एसयूव्हीसारखी. १९७५ च्या या गाडीवर क्लिअर नव्हता. तीन कोट, मग २००० च्या पेपरने ओली घासाई, मग बफ. आता संध्याकाळच्या उन्हात ती जशी दिसते ना, मऊ, जरा साईसारखी, ते बघून तोही गप्प झाला.

पट्ट्यांचं प्रकरण वेगळंच. सगळं चकचकीत म्हणजे क्रोम असं मी समजत होतो. बंपर लोखंडाचा, त्यावर क्रोम. दाराच्या पट्ट्या स्टीलच्या, त्यांना प्लेटिंग लागतच नाही, सरळ करून बफ मारला की झालं. आणि हँडल, बोनेटवरची अक्षरं हे मझाक, म्हणजे जस्ताचं ओतकाम. मझाकला क्रोमखाली बारीक फोड येतात, फोडाखाली खड्डा असतो. ही अक्षरं मी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे बंपरसोबतच देऊन आलो, वेगळं काही सांगितलं नाही, ही माझी चूक. त्यांनी सगळं एकाच अ‍ॅसिडच्या टाकीत टाकलं. बंपर झकास झाला. अक्षरं परत आली ती इडलीसारखी जाळीदार, आणि ते खड्डे लपवायला इतका बफ मारलेला की 'पद्मिनी'मधल्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. क्रोमचा थर नावालाच असतो, खरी चमक खालच्या निकेलची आणि त्याच्याखालच्या तांब्याची, आणि त्याहून खाली मूळ कामच खराब असेल तर वर काहीही चढवा. शेवटी मुंबईला जाऊन चोरबाजारातून दुसरी अक्षरं आणली, बरी होती, आणि ती प्लेटिंगला न देता नुसती पॉलिश करून लावली. दोन फोड आहेत त्यावर. असू देत.

पट्ट्या सरळ करायला मात्र मी भलत्याच ठिकाणी गेलो, तांबट लेनमध्ये. एका दाराच्या पट्टीला अंगठ्याएवढा पोचा होता, डेंटरने हात लावायला नकार दिला, म्हणाला पातळ आहे, फाटेल. तांबटकाकांनी पट्टी हातात घेऊन उलटी केली, लाकडाच्या ठोकळ्यात तिच्या आकाराची खाच होती त्यात बसवली आणि आतून एवढ्याशा हातोडीने टिक टिक टिक, पोच्याच्या मध्यावर एकदाही नाही, कडेकडेने आत आत येत. दर दहा ठोक्यांनी पट्टी उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करून बघायची, परत टिक टिक. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत दोन हंड्यांची गिऱ्हाइकं आली आणि उभी राहून बघत बसली. पैसे विचारले तर म्हणाले, "भांडं थोडीच आहे, काय सांगू? चहा पाजा."

तर एवढं सगळं करून पट्ट्या तयार आणि भोकं गायब.

पहिल्या दिवशी नुसता चिडलो. दुसऱ्या दिवशी पट्टी दारावर धरून अंदाजाने चिकटवायचा विचार केला, डबल टेपने, आणि माझीच मला लाज वाटली. मग पप्पा म्हणाले दाराचं आतलं कव्हर काढ ना. काढलं, हात आत घालून मोबाइलची बॅटरी मारली आणि दिसलं, पत्र्याच्या आतल्या बाजूला लांबी भोकातून बाहेर आलेली, टिकलीएवढे राखाडी ठिपके ओळीने! दारांची सगळी मिळाली. पुढच्या मडगार्डची चाक काढून आतून मिळाली. मागच्या मडगार्डची दोन मात्र काही केल्या दिसेनात, तिथे आत दुहेरी पत्रा आहे. त्यासाठी आजीचा त्र्यंबकेश्वरचा फोटो काढला, ती गाडीला टेकून उभी आहे तो, आणि पट्टीचं टोक टेललॅम्पपासून किती लांब येतं ते फूटपट्टीने मोजून दाराच्या हँडलच्या लांबीवरून त्रैराशिक मांडलं. शाळेतून सुटल्यावर पहिल्यांदा त्रैराशिक मांडलं.

भोक पाडताना आतून २ मिलिमीटरचं बारीक बिट, बाहेर मास्किंग टेपचे तीन थर, आणि मग बाहेरून मोठं करताना रंगाचा थर पार होईपर्यंत ड्रिल उलट फिरवायचं म्हणजे कपचा उडत नाही. तरी एका ठिकाणी उडाला, पट्टीखाली झाकला गेला. प्रत्येक भोकाच्या कडेला टूथपिकने प्रायमर, तो वाळल्यावर रंग, मग क्लिपच्या बुडाला सीलंटची गोळी, कारण पेंटरचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, गंज सुरू होतो तो इथूनच. एका बाजूला पूर्ण रविवार गेला. दुसऱ्या बाजूला पुढचा.

नंबर प्लेटवर तात्यांच्या वेळची हाताने रंगवलेली अक्षरं होती, पिवळट पांढरी, ५ च्या शेपटीला एक झोकदार वळण. आता एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते त्यामुळे ती काढावी लागली. भिंतीवर लावलीय शेडमध्ये.

परवा पहाटे तिला गंगापूर धरणापर्यंत नेऊन आणली. ४० च्या पुढे गेलं की डाव्या मागच्या दारातून किरकिर येते. पप्पा शेजारी बसले होते, कान देऊन ऐकत होते, म्हणाले ही पट्टी नाही, हे रबर आहे, गुलाबी डागापाशी नीट बसलेलं नाही. आता येत्या रविवारी ते रबर परत काढायचंय.