बारालाचाच्या अलीकडे: मनाली–लेह सायकल सफरीतील उंचीविषयीच्या नोंदी

मागील नोंदीत यवतेश्वर–कास घाटातील सरावाचा तपशील आला होता. ही नोंद त्या सरावानंतर मनाली–लेह रस्त्यावर विरळ हवेचा त्रास कसा हाताळला, एवढ्यापुरतीच आहे. घाटातील सरावाने पाय आणि दम तयार होतात, मात्र त्याने विरळ हवा मानवत नाही. कासच्या पठारावर, म्हणजे सुमारे १,२०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८७ टक्क्यांच्या आसपास असतो, तर याच रस्त्यावरील ४,३०० मीटरवरच्या सर्चूला तो ६० टक्क्यांवर येतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण दोन्हीकडे २१ टक्केच असले, तरी दर श्वासाला शरीराच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन दाबाच्या हिशेबाने घटतो. उत्तम दमाच्या सायकलस्वाराला तर मी अधिक जपायला सांगेन, कारण हवा मानवण्याआधीच त्याचे पाय त्याला वर नेऊन ठेवतात.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, हा नियम सर्वांना पाठ असतो. अडचण अशी की या रस्त्यावर जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आणि सर्चू ४,३०० मीटरवर आहे. मध्ये पात्सेओ आणि झिंगझिंगबार येथे मुक्काम केला, तरच ही उडी दोन-तीन टप्प्यांत विभागली जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट नकाशातील उंचीच्या आलेखात दिसते. सर्चूला पोहोचल्यावर मागे ४,८९० मीटरचा बारालाचा उभा असतो आणि पुढे गाटा लूप्सची २१ वळणे, नकी ला व ५,००० मीटरच्याही वरचा लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड; बारालाचा हीही खिंडच). ‘त्रास वाढला तर खाली उतरा’ हा सल्ला तिथे सायकलस्वाराच्या काहीच कामाचा राहत नाही, कारण खाली जाण्यासाठीही आधी वर चढावे लागते. रात्री वाहन मिळेलच याचीही खात्री नसते. म्हणून पुढे जायचे की थांबायचे, याचा निर्णय बारालाचाच्या अलीकडेच, शक्यतो झिंगझिंगबारला, घ्यावा, असे आम्ही साताऱ्यातून निघतानाच ठरवले होते.

हा निर्णय घेण्याची वेळ खरोखरच आली. वाईचा आमचा जोडीदार झिंगझिंगबारच्या तंबूत संध्याकाळी डोके धरून बसला, डाळ-भात समोर येताच त्याला मळमळू लागले आणि रात्री त्याचा श्वास काही क्षण थांबून मग एकदम जोराने चालू होत राहिला. झोपेतील असा खंडित श्वास त्या उंचीवर निरोगी माणसालाही होतो, त्यामुळे त्याची आम्हाला फारशी काळजी वाटली नाही. काळजी होती ती न ओसरणाऱ्या डोकेदुखीची. सकाळी बोट चहाच्या पेल्यावर शेकून मगच रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला, कारण गारठलेल्या बोटावर ते यंत्र वाटेल तो आकडा दाखवते. त्याचा आकडा आमच्यापेक्षा थोडाच कमी होता. आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवावा, हे इथे पटले. नंतर त्याला रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवर टाचेला अंगठा लावत चालायला लावले. तो सरळ चालला, म्हणजे तोल जाणे हे मेंदूवरील सुजेचे ठळक चिन्ह नव्हते. बसल्या जागी धाप किंवा खोकलाही नव्हता. यांपैकी काहीही आढळले असते, तर त्याच क्षणी ऑक्सिजन आणि वाहनाची सोय पाहावी लागली असती. एक रात्र तिथेच काढूनही डोके उतरेना, तेव्हा सायकलसह त्याला मालवाहू जीपने जिस्पाला पाठवले आणि आम्हीही मागोमाग उतरलो. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःहून जेवण मागितले. पूर्ण बरे वाटल्यावर पात्सेओचा मुक्काम न गाळता पुन्हा चढलो आणि बारालाचा तिघांनीही सायकलवरच ओलांडला. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याचे फार कौतुक आहे; या रस्त्यावर ते कौतुक साताऱ्यातच ठेवून यावे.

औषधाविषयी थोडे. आमच्यातील एकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीची गोळी, डायमॉक्स १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतले. या गोळीने मूत्रपिंडे बायकार्बोनेट अधिक बाहेर टाकतात, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बदलतो आणि श्वासोच्छ्वास वाढतो. शरीर जे स्वतःहून करणारच असते, ते ती लवकर करवून घेते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगावे. सायकलस्वारांसाठी विशेष बाब म्हणजे या गोळीने बोटांना मुंग्या येतात, आणि हँडलवर भार देऊन आलेला बधिरपणा व या मुंग्या यांत फरक करता येत नाही. त्याने दोनदा हँडलची पकड बदलून पाहिली, ग्लोव्हज काढले, मग कुठे उलगडा झाला. थंड पेये बेचव लागतात ती वेगळीच.

दिवसाला सहा-सात लिटर पाणी प्यायल्याने त्रास टळतो, ही समजूत आपल्या गटात पक्की आहे. तहानेपुरते आणि थोडे अधिक प्यावे, पण पाण्याचा अतिरेक केल्यास रक्तातील सोडियम घटते आणि त्यानेही डोके दुखते, मळमळते. मग कारण उंचीचे की पाण्याचे, हेच कळेनासे होते. आम्ही लघवीचा रंग पाहून प्रमाण ठरवले आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबू ठेवले.

चढावरील वेगाबाबत कास घाटातील एक सवय उपयोगी पडली. तिथे आम्ही मुद्दाम संपूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच जोराने चढत असू. टांगलांग ला, ५,३२८ मीटर, याच मापाने चढलो: पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठे चक्र, वाक्य तुटले की पाय टेकायचा. वेग चालणाऱ्या माणसाइतकाच होता. पांगचा मुक्काम ४,६०० मीटरवर असूनही कोणाचे डोके दुखले नाही.

पुढील मोसमासाठी शिमला–किन्नौर–काझा हा मार्ग नक्की केला आहे. तो लांब आहे, पण त्यावर मुक्कामाची उंची सावकाश वाढते आणि ४,५०० मीटरवरील कुंझुम ला अगदी शेवटी येतो. सरावासाठी पसरणीचा घाट दिवाळीनंतर सुरू करू.