तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्र शिकून गाण्यात काय करता?

"अर्थशास्त्रात एम.ए. केलंत, एखाद्या बँकेत चांगल्या जागेवर असता. मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हिशेब कशाला बघत बसता?" मैफलीच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही हा प्रश्न येतो. तिथं उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी मिरजेची. आमच्याकडं सुरांचा धंदा डोळ्यांसमोर चालतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातून भोपळे येतात, इथं त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज खुलवायला, बसलेला कारागीर बघा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर हलकी कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा कानस. आवाज मनासारखा खुलेपर्यंत हेच. याला घाई चालत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नेमकं हे मांडलं: कारखान्यात माणशी उत्पादन वाढतं, तशी मजुरी वाढते, कलेला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो आणि मजुरी बाहेरच्या बरोबरीनं द्यावी लागते. म्हणून कला महाग पडत जाते. गिऱ्हाईक तेवढी किंमत देईना, की कारागिराचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी धरतो. हे वर्गात शिकले तेव्हा माझ्यासमोर आमची गल्लीच होती.

आता काम काय करते ते. गीतकार, संगीतकार यांचे करार वाचते, त्यांची गाणी नोंदवते, रॉयल्टीचे हिशेब तपासते. तासगावकडच्या एक बाई अभंगांना चाली लावतात. एका कंपनीनं त्यांना एकरकमी पैसे देऊन 'सर्व हक्क कायमचे' असं लिहून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "ताई, सही केलीय, आता काय उरलं?" बरंच उरलं होतं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गाण्याचे शब्द आणि चाल करणाऱ्यांना रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा आहे, आणि तो वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. तशी अट घातली तरी ती टिकत नाही. त्यांना अशाच एका सोसायटीचं, आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद केलं. प्रत्येक चाल कुणाची, वाटा किती, हे एकेक करून भरलं. संतांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल बाईंची, हे फॉर्मवर स्पष्ट लिहावं लागतं. असल्या रकान्यांतच कलाकाराचे पैसे अडकतात.

अर्थशास्त्र खरं कामाला येतं ते वाटपाची पद्धत समजून घ्यायला. समजा, गाणी ऐकवणाऱ्या एका ॲपला दोन श्रोते महिन्याला शंभर-शंभर रुपये भरतात. एक जण सिनेमाची गाणी नऊशे वेळा ऐकतो, दुसरा फक्त अभंग, शंभर वेळा. कंपनीचा हिस्सा बाजूला ठेवू. दोनशे रुपये एकत्र करून ऐकण्याच्या प्रमाणात वाटले तर अभंगाला वीस रुपये मिळतात, जरी अभंग ऐकणाऱ्यानं शंभर भरले असले तरी. बहुतेक ठिकाणी अशीच वाटणी चालते. ज्याचे पैसे, त्यानं ऐकलेल्यालाच द्यावेत, अशी दुसरी पद्धत साउंडक्लाउड या गाण्यांच्या ॲपनं २०२१ मध्ये सुरू केली. मला ती जास्त न्याय्य वाटते. आपल्या भजनी मंडळांचा, कीर्तनकारांचा श्रोता कमी ऐकतो, पण निष्ठेनं ऐकतो. त्याच्या पैशाची किंमत राहिली पाहिजे.

अशा कामाला जगात मान आहे. विल पेज हे ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचे आणि नंतर स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते. आपल्याकडं अजून अशी पदं फारशी दिसत नाहीत, म्हणून मुलं विचारतात तेव्हा सांगते: संख्याशास्त्र पक्कं करा, करार वाचायला शिका आणि गाणं ऐकत राहा. तिसरं सोडलंत तर हे काम दोन महिन्यांत कंटाळवाणं होईल.

आणि एक विनंती. घरात आजोबांनी चाली लावल्या असतील, गाणी लिहिली असतील, तर जुने करार, पावत्या, रेकॉर्डची पाकिटं रद्दीत घालू नका. शब्दांचा आणि चालीचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. कागद घेऊन या, आपण बसून बघू.