स्कॉर्म कोर्स ‘पूर्ण’ झाला हे कोण ठरवते? माझा अनुभव

आमच्या कारखान्यात अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर होते आणि त्याच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. बाहेरून तयार करून घेतलेले नवे स्कॉर्म पॅकेज (म्हणजे स्कॉर्म या ठरावीक मानकानुसार बनवलेली, शिकणाऱ्याची प्रगती मूडलला कळवणारी कोर्सची झिप फाइल) चढवल्यानंतर कामगारांनी सगळ्या स्लाइड पाहिल्या, शेवटची चाचणीही चांगल्या गुणांनी दिली, तरीही अहवालात त्यांच्या नावापुढची चौकट रिकामीच राहत होती. मन लावून शिकलेल्या माणसाला तोच कोर्स पुन्हा करायला सांगणे मला अन्यायाचे वाटले, म्हणून मी या सेटिंग्जच्या मुळाशी जायचे ठरवले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की पूर्णतेचा निर्णय दोन ठिकाणी होतो. शिकणाऱ्याची स्थिती काय आहे हे पॅकेज कळवते आणि त्यांपैकी कोणती स्थिती ग्राह्य धरायची हे मूडलमधली अट ठरवते. या दोहोंचा मेळ नसेल, तर दोन्हीकडचे काम बिनचूक असूनही पूर्णतेची खूण उमटत नाही.

झिप फाइल उघडून त्यातली मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे पॅकेजमध्ये काय आहे हे सांगणारी यादी, मी नोटपॅडमध्ये पाहिली. पॅकेज स्कॉर्मच्या १.२ या आवृत्तीचे होते आणि त्यात एकच घटक होता. स्कॉर्म २००४ मध्ये ‘अभ्यास पूर्ण झाला का’ आणि ‘उत्तीर्ण झाला का’ यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, १.२ मध्ये मात्र ‘लेसन स्टेटस’ या एकाच रकान्यात ‘कम्प्लीटेड’, ‘पास्ड’, ‘फेल्ड’, ‘इन्कम्प्लीट’ यांपैकी एका वेळी एकच शब्द मावतो. मग स्कॉर्मच्या अहवालातून एका कामगाराच्या प्रयत्नाचा तपशील उघडला. गुण ९०, लेसन स्टेटस ‘पास्ड’. आणि आमच्या मूडलमध्ये अट होती फक्त ‘कम्प्लीटेड’ची! उत्तीर्ण झालेल्या कोणालाही ती अट पूर्ण करणे शक्यच नव्हते.

अशा वेळी दोन्ही स्थितींवर टिचकी मारावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मूडलमध्ये निवडलेल्या स्थितींपैकी कोणतीही एक मिळाली तरी पुरते, त्यामुळे तो सोयीचा आहे खरा. पण अग्निसुरक्षेच्या बाबतीत मला तो मान्य नाही. उद्या तेच पॅकेज ‘स्लाइड पाहिल्या की पूर्ण’ अशा रीतीने पुन्हा प्रकाशित झाले, तर चाचणी न देणाराही पूर्ण ठरेल. म्हणून मी केवळ ‘पास्ड’ची अट ठेवली.

बदल थेट चालू कोर्सवर न करता आधी कोर्सच्या प्रतीवर केला आणि शिकणाऱ्याच्या चाचणी खात्यातून तो तपासला. प्रीव्ह्यूमध्ये पाहून पूर्णतेची खात्री होत नाही. ही दक्षता आवश्यक आहे, कारण एकदा कोणी कोर्स पूर्ण केला की पूर्णतेच्या अटी कुलूपबंद होतात आणि त्या उघडून बदलल्या की आधीच्या खुणा पुसल्या जातात. शक्य तिथे मूडल त्या नव्या अटींनुसार पुन्हा लावते, परंतु हाताने लावलेल्या खुणांचा भरवसा राहत नाही.

कामगारांना एक सूचना मात्र वेगळी द्यावी लागली. शेवटच्या स्लाइडवरचे ‘बाहेर पडा’ बटण न दाबता ब्राउझर बंद केला, तर अखेरची स्थिती सर्व्हरपर्यंत पोहोचेलच असे नाही. ती सूचना आता पहिल्याच स्लाइडवर आहे, आणि नव्या पॅकेजची मागणी नोंदवताना ते कोणती स्थिती कळवणार हे मी करून देणाऱ्याकडून लेखी घेतो.