जबड्याची खालची कड

दातांचे आणि जबड्यांचे एक्स-रे वाचून अहवाल देणं हे माझं काम. त्यातला ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकाच पटावर दाखवणारा एक्स-रे. तो मागवणाऱ्याचं लक्ष दातांवर असतं: कोणता किडला, कोणाच्या मुळाशी पू आहे, अक्कलदाढ कशी आडवी पडली आहे. चित्राच्या अगदी तळाशी खालच्या जबड्याची कड असते. ती प्रत्येक ओपीजीत येते आणि बहुतेक अहवालांत तिच्याबद्दल एक शब्दही नसतो.

त्या दिवशी दुपारी अडुसष्ट वर्षांच्या एक बाई सुनेबरोबर आल्या होत्या. खालचे हलणारे दात काढायचे आणि कवळी बसवायची, म्हणून त्यांच्या दंतवैद्यांनी ओपीजी सांगितला होता. दातांचं उत्तर लगेच मिळालं. हिरड्यांच्या आजाराने मुळांभोवतीचं हाड खाल्लं होतं, ते दात वाचणारे नव्हते. पण नजर खाली गेली आणि तिथेच अडली.

निरोगी जबड्यात खालची कड म्हणजे पांढऱ्याशुभ्र, जाड हाडाचा सलग पट्टा असतो. त्याची आतली रेघ गुळगुळीत दिसते. इथे ती रेघच सापडेना. पट्टा आतून खरवडल्यासारखा, थराथरांचा झाला होता, पाण्यात भिजून पदर सुटलेल्या पुठ्ठ्यासारखा. अशा वेळी आधी शंका घ्यायची ती चित्रावर. हनुवटी जरा वर-खाली झाली किंवा गळ्यातल्या कंठास्थीची सावली कडेवर पडली, तरी फसायला होतं. पण सावली बाजूला सोडून पाहिलं तरी उजवी-डावीकडे सारखंच दृश्य. दुसऱ्या उपदाढेच्या खाली जिथे नस बाहेर पडते ते मेंटल फोरामेन असतं. त्याच्या बरोबर खाली कडेची जाडी मोजली, ती जेमतेम दोन मिलिमीटर भरली. ओपीजीत प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा काहीशी मोठी येते, म्हणजे खरी जाडी त्याहूनही कमी.

हे मोजमाप नवं नाही. संशोधक क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या कडेचे तीन प्रकार मांडले: गुळगुळीत सी-१, चंद्रकोरीसारखे खळगे पडलेली सी-२ आणि सच्छिद्र, थर सुटलेली सी-३. पुढे युरोपातल्या ऑस्टिओडेंट प्रकल्पाने ४५ ते ७० वयाच्या साडेसहाशेहून अधिक स्त्रियांचे ओपीजी आणि त्यांची हाडांची घनता ताडून पाहिली. त्यातून निघालेला व्यवहार्य नियम असा, की कड ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर त्या स्त्रीची हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे पाहायला पुढच्या तपासणीला पाठवावं. जपानमध्ये अकिरा तागुची यांनीही याच कडेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कारण साधं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि टणक कवच आतल्या बाजूने पोखरलं जातं. दात पडल्यावर हिरडीखालचं हाड तसंही झिजतं, म्हणून त्यावरून सबंध शरीराचा अंदाज बांधता येत नाही. तळाची कड मात्र दातांच्या असण्या-नसण्याने तितकी बदलत नाही, म्हणून तीच पाहायची.

मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसले. "काकू, मागच्या काही वर्षांत कुठे पडलात का? हाड मोडलं होतं का कधी?"

सूनच म्हणाली, "नाही हो डॉक्टर, आईंना तसं काहीच झालेलं नाही."

"अगं, मनगट नाही का मोडलं? न्हाणीघरात घसरले तेव्हा," काकू म्हणाल्या. "पण ते केव्हाच भरून आलं. पडल्यावर मोडणारच की, वय झालं आता."

उभ्याच्या उंचीवरून साधं घसरून हाड मोडणं ही वयाची रीत नव्हे. ठिसूळ हाडाची ती पहिली खूण असते आणि मनगट पुष्कळदा सगळ्यात आधी मोडतं. त्यांच्या हातावर प्लास्टर चढलं, उतरलं, पण ते हाड का मोडलं हे कोणीच विचारलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण असा प्रसंग मी एकदाच ऐकलेला नाही.

मग एकेक उलगडत गेलं. पाळी बेचाळिसाव्या वर्षीच गेली होती. दम्यासाठी वर्षानुवर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. काकूंची आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. पाठ दुखायची, पण तीही 'वयाची'. सून जरा थांबून म्हणाली, "आई पूर्वी माझ्याएवढ्या होत्या. आता माझ्या खांद्याला लागतात." काकूंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. हे त्या दोघींमध्ये कधी बोललंच गेलं नव्हतं.

"दात दाखवायला आले आणि तुम्ही कंबर, पाठ, उंची विचारताय?" काकूंच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना पडद्यावर ती कड दाखवली आणि स्पष्ट सांगितलं, की ही शंका आहे, निदान नव्हे. निदान डेक्सा तपासणीने होतं. खुबा आणि कणा यांची घनता त्यात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवल्याप्रमाणे टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात. ओपीजीवर कड खराब दिसूनही डेक्सा ठीक आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. कड चांगली दिसली म्हणून हाडं भक्कम आहेत असंही म्हणता येत नाही. आणि फक्त हाडं पाहायची म्हणून ओपीजी काढायचा नसतो. पण दातांसाठी तो काढलेलाच असेल, तर त्यातली माहिती वाया का घालवायची?

त्यांच्या दंतवैद्यांना मी लगेच फोन केला. इथे औषधांचा क्रम फार महत्त्वाचा होता. हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅबसारखी औषधं हाडाची झीज रोखतात. त्यांनी खुब्याचे आणि मणक्यांचे फ्रॅक्चर टळतात. पण ती चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरू लागतं. २००३ मध्ये शल्यविशारद मार्क्स यांनी असे रुग्ण प्रथम नोंदवले. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हा धोका अगदी कमी असतो, त्यापायी औषध नाकारणं चूकच. तरीही काढायचे दात आधी काढून जखम भरू दिली तर तो आणखी कमी होतो. डॉक्टरांना ते पटलं. दात त्याच आठवड्यात काढायचे, डेक्सा त्याच्या जोडीने आणि औषधाचा निर्णय फिजिशियनकडे, असं ठरलं.

डेक्साचा अहवाल आला: कण्याचा टी-स्कोअर उणे ३.२. सोबत काढलेल्या पाठीच्या एक्स-रेत एक मणका आधीच पाचरीसारखा दबलेला दिसला. 'वयाची' पाठदुखी ती हीच. मणक्याची अशी बहुतेक फ्रॅक्चर कोणाच्या लक्षातही येत नाहीत, उंची मात्र घटत जाते. खुबा अजून शाबूत होता. आईचं जे झालं ते काकूंचं अजून झालं नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या धडपडीचं सार्थक तेवढ्यातच आहे. फिजिशियनांनी ड जीवनसत्त्व तपासलं, ते कमी होतं ते भरून काढलं, हिरडी भरल्यावर औषध सुरू केलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल दम्याच्या डॉक्टरांशी बोलणंही झालं.

आता साठीपुढच्या प्रत्येक स्त्रीच्या ओपीजीच्या अहवालात मी एक ओळ घालते: कडेचा प्रकार, जाडी आणि गरज वाटली तर पुढच्या तपासणीची शिफारस. ते मोजायला मिनिटही लागत नाही. काही दंतवैद्य विचारतात, "पेशंटला उगाच घाबरवायचं कशाला?" मी त्यांना सांगते, दोन प्रश्न विचारा: साधं पडून हाड मोडलं होतं का, आणि उंची कमी झाली आहे का. उत्तर 'हो' आलं तर चिठ्ठी लिहून द्या.

कवळीचं माप द्यायला निघालेल्या काकू मध्येच माझ्याकडे डोकावल्या, धाकट्या बहिणीचा जुना ओपीजी घेऊन. "हिचं पण बघाल का?" कड जाड आणि गुळगुळीत होती. पण चित्र जुनं होतं, बहीण आता सहासष्टची आणि आई तीच. त्यामुळे चित्र चांगलं दिसूनही मी डेक्साच सुचवली.