बाबेलची तान्ही बाळं

धर्मशास्त्राच्या वर्गात मी आद्य ख्रिस्ती भाष्यकार शिकवतो. बायबलमधल्या स्तोत्र 137 चं नववं वचन आलं की तास जड होतो. बाबेलची, म्हणजे शत्रू बॅबिलोनची, तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला तिथे धन्य म्हटलंय. कॅथलिक नित्यप्रार्थनेच्या 1971 च्या आवृत्तीतून हे वचन आधीच्या दोन वचनांसकट गाळलं गेलं. मला ते पटत नाही. लोक घरी शास्त्र वाचतात, तेव्हा हे त्यांच्यासमोर येतंच, आणि समजावून सांगायला कुणी नसतं.

आद्य भाष्यकारांपैकी ओरिजेनने वचन गाळलं नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करार आणि त्यातला देव दोन्ही नाकारले होते. शिवाय मोशेचा देव रक्तपात सांगतो आणि येशू क्षमा, मग खरं कोण, असा ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याचा टोमणा होताच. तिसऱ्या शतकात ओरिजेनने त्याला उत्तर दिलं: ही बाळं म्हणजे मनात नुकतेच उगवलेले दुष्ट विचार, खडक म्हणजे विवेक आणि सत्य. वाढण्याआधीच त्यांना चिरडा. ऑगस्टीनने पुढे तो खडक म्हणजे ख्रिस्त असं सांगितलं.

हे मी रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, विचार मेले ते बरं झालं. पण ती बाळं?" ती पूर्वी सरकारी दवाखान्याच्या बालविभागात परिचारिका होती.

शेजारचा म्हणाला, "ताई, रूपक आहे ते."

"रूपक ओरिजेनचं. बाबेलच्या आईचं काय?"

मी निस्साच्या ग्रेगरीचं मोशेचरित्र उघडलं. चौथ्या शतकातला हा बिशप मिसरच्या (इजिप्तच्या) प्रथमजन्मलेल्यांपाशी अडतो, म्हणजे देवाने तिथल्या घराघरातली पहिली मुलं मारली त्या कथेपाशी. अपराध बापाचा आणि मरण बाळाचं, ज्याला बरंवाईटही कळत नाही. मग न्याय कुठे राहिला? पाप करील तोच मरेल, हे यहेज्केल संदेष्ट्याचं वचनही तो पुढे करतो. रूपकाला पळवाट म्हणून हिणवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे पान वाचलेलं नसतं, याची मला चीड येते.

तिने पान दोनदा वाचलं. "विचारलं खरं. पण शेवटी तोही दुष्टाईचा अंकुर खुडा म्हणूनच गेला."

गेला. इतिहास जसा सांगितलाय तसा बुद्धीला पटत नाही, म्हणून आत्मिक अर्थ शोधायचा, हे तो उघड सांगतो, एवढंच मी त्याच्या बाजूने बोलू शकलो. तेवढं पुरतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

येत्या उपासनेत तिला प्रथमजन्मलेल्यांवर बोलायचंय, ग्रेगरीच्या प्रश्नापाशी थांबून. पाळकाने मंडळीला अर्ध्यात सोडू नये, असं वरिष्ठांचं म्हणणं. मी तिच्या नावाची शिफारस केली आहे.