फळ्यावर न मावलेली चिली

शाळेच्या स्मरणिकेत मेक्सिकोच्या माणसावर कसलं लिहिताय, असं घरून विचारून झालंच. पण मी वकिलीकडे का वळलो याचं उत्तर अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस या मेक्सिकन मुत्सद्द्याच्या नावाशिवाय देता येत नाही, आणि ते नाव मला आपल्याच शाळेत भेटलं.

१९८२ साली त्यांना आणि स्वीडनच्या आल्वा मिर्डाल यांना शांततेचं नोबेल विभागून मिळालं. नागरिकशास्त्राचे आमचे सर कात्रण घेऊनच वर्गात आले. फळ्यावर दक्षिण अमेरिका काढू लागले, तर चिली खाली उतरता उतरता फळाच संपला. उरलेली त्यांनी भिंतीवर काढली. शिपाईमामा दारातून बघतच राहिले.

गार्सिया रोब्लेस १९११ मध्ये मेक्सिकोतल्या सामोरा गावी जन्मले. कायदा मेक्सिको शहरात, पॅरिसला आणि हेगला शिकले, १९३९ मध्ये परराष्ट्र सेवेत शिरले. मधली बरीच वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत गेली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा ते ब्राझीलमध्ये राजदूत होते. लॅटिन अमेरिकेत अण्वस्त्रं नकोतच, या मागणीला तिथून जोर आला. त्यांच्याच पुढाकाराने तसा करार घडला आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को भागात सह्यांसाठी खुला झाला.

खरी गंमत आहे ती करार लागू कधी होणार या कलमात. ब्राझीलचं म्हणणं, सगळे देश आणि अण्वस्त्रधारी सत्ताही बांधल्या जाईपर्यंत नाही. मेक्सिकोला तो लगेच हवा होता. तोड अशी निघाली: अटी कागदावर राहतील, पण ज्याला हवं त्याने स्वतःपुरत्या त्या सोडून द्याव्यात. बहुतेकांनी सोडल्या आणि १९६९ मध्ये करार चालू झाला. ब्राझील आणि चिलीने त्या सोडल्या थेट १९९४ मध्ये. क्युबा २००२ मध्ये आला. दिवाणी दाव्यांत तडजोडीचे मसुदे लिहिताना मी हीच युक्ती वापरतो. अशिलाला मेक्सिकोचं नाव अर्थातच सांगत नाही.

त्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "सर, मग आपलं पोखरण?" सर म्हणाले, तो पुढच्या तासाचा विषय. पुढचा तास पीटीचा होता. पुढे करार मुळातून वाचला, तर शांततेसाठीच्या अणुस्फोटांवर (१९७४च्या पोखरणलाही आपण हेच नाव दिलं होतं) त्यातही एक कलम निघालं. ब्राझील-अर्जेंटिना त्याचा अर्थ एक लावत, मेक्सिको दुसरा. सरांना अडचण कुठली होती ते तेव्हा कळलं.