सरावाची नोंद: डेव्हिसचा सरळ क्यू

या पावसाळ्यात स्नूकरचा सगळा सराव एकाच खेळाडूला धरून करतोय, स्टीव्ह डेव्हिस. 1981, 83, 84, 87, 88 आणि 89 अशी सहा विश्वविजेतेपदं, 2016 मध्ये निवृत्ती. आमच्या गंगापूर रोडच्या क्लबात पोरं रॉनी ओ'सुलिव्हन या खेळाडूच्या वेगावर फिदा आहेत. मला विचाराल तर शिकावं डेव्हिसकडून. तो काय करतो ते डोळ्यांना दिसतं.

त्याला वडिलांनी शिकवलं, तेही जुने विश्वविजेते जो डेव्हिस यांच्या पुस्तकावरून (नातं काही नाही, आडनाव तेवढं एक). म्हणून मीही मुळापासून धरलं. टेबल रिकामं करायचं, पांढरा बॉल ब्राऊनच्या स्पॉटवर (त्या बॉलच्या ठरलेल्या जागेवर) ठेवायचा आणि निळा, गुलाबी, काळा या स्पॉटांवरून सरळ वरच्या कुशनला (टेबलाच्या कडेला) मारायचा. तो परत येऊन क्यूच्या (काठीच्या) टिपेला लागला पाहिजे. बोटभर जरी बाजूला आला तरी टीप मध्यावर बसली नाही असं समजायचं. नाशिकच्या पावसात कापड दमट होतं, बॉल जड चालतो. मग आपण जोर लावतो आणि कोपर बाहेर पडतं. जोर न वाढवता फॉलो-थ्रू (बॉलला लागल्यावर क्यू पुढे नेणं) लांब ठेवला, तेव्हा पांढरा टिपेवर यायला लागला. लांबचे पॉटही (बॉल खिशात टाकणं) सुधारलेत.

1985 च्या विश्वविजेतेपदाची फायनल मात्र पुन्हा पुन्हा बघतोय. डेनिस टेलरविरुद्ध 8-0 अशी आघाडी, तिथून फ्रेम (डाव) 17-17. शेवटच्या फ्रेममध्ये डेव्हिस 62-44 ने पुढे आणि टेबलावर चारच रंगीत. टेलरने ब्राऊन, निळा, गुलाबी घेतले. राहिला काळा, तो टाकेल तो विजेता. मध्यरात्र उलटलेली, ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर. डेव्हिसला पातळ कट मिळाला, तो गरजेपेक्षा पातळ गेला आणि पुढे टेलरने काळा टाकला. पुढच्या वर्षी जो जॉन्सननेही त्याला फायनलमध्ये हरवलं. त्यानंतर सलग तीन विजेतेपदं! एवढ्या दोन घावांनंतर तोच स्टान्स, तोच संथ बॅकस्विंग. माझ्या लेखी हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई.

2010 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत, वयाच्या 52 व्या वर्षी, त्याने गतविजेत्या जॉन हिगिन्सला 13-11 ने घरी पाठवलं. त्या सामन्यातली सेफ्टी (समोरच्याला सोपा पॉट मिळू न देणारा खेळ) अप्रतिम आहे. पांढरा बॉल बॉल्क कुशनला (वरच्या कुशनच्या समोरच्या टोकाला) चिकटवून ठेवायचा सराव आता सुरू करतोय. कोणी करत असाल तर दमट कापडावर वेग कसा मोजता, ते जरूर सांगा.